स्टिअरिंगचा जडपणा आणि तेलाचा जोर

कृष्णाकाठच्या पलूस तालुक्याची ख्याती परमुलखात द्राक्षांमुळे, उसामुळे आणि भिलवडीच्या दुधामुळे झालेली असली, तरी यंत्रविद्येच्या इतिहासात या मुलखाचे नाव ज्या एका वस्तूमुळे कायमचे नोंदले गेले आहे, ती वस्तू म्हणजे पंप होय. फूटव्हॉल्व्ह कोठे बसतो, पंपात हवा राहिली तर पाणी का चढत नाही, गळणारे ग्लँड किती आवळावे, या गोष्टी येथल्या शेतकऱ्याच्या पोराला शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुष्कळ आधी ठाऊक असतात. म्हणूनच जुन्या मोटारींच्या पॉवर स्टिअरिंगविषयी मराठीत काही लिहावयाचे झाले, तर ते पलूसच्या भूमीवरून लिहिणे मला सयुक्तिक वाटते. कारण ज्या योजनेमुळे दोन टनांची गाडी एका हाताने वळू लागली, त्या योजनेचे हृदय म्हणजे बोनेटखाली पट्ट्यावर फिरणारा मुठीएवढा एक पंपच आहे, आणि पंपाचा स्वभाव ज्याला कळला त्याला पॉवर स्टिअरिंगचे निम्मे शास्त्र आधीच अवगत झालेले असते.

या तालुक्यातील किर्लोस्करवाडीचा पूर्ववृत्तांत बहुतेक वाचकांना माहीत असला, तरी प्रस्तुत विषयाशी त्याचा जो धागा जुळतो तेवढा येथे सांगितला पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यातून लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे यांचा उद्योग उभा राहिला, आणि पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलरोड स्टेशनाजवळची, निवडुंगाने माजलेली ओसाड जमीन कारखान्यासाठी देऊ केली. 1910 साली तेथे वसाहत उभी राहिली. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेत शिकून शंतनुराव किर्लोस्कर 1926 मध्ये परत आले, आणि साधारण त्याच सुमारास या माळावर मध्योत्सारी पंप, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात सेंट्रिफ्यूगल पंप म्हणतो तो, तयार होऊ लागला. योगायोग असा की, त्याच मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वॉल्थम नावाच्या गावी त्याच 1926 साली फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक अभियंता आपल्या मोटारीला निराळ्याच जातीचा पंप जोडून तिचे स्टिअरिंग हलके करून दाखवीत होता. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. परंतु द्रवाच्या अंगी असलेला जोर माणसाच्या श्रमाच्या जागी कामाला लावावा, ही आकांक्षा मात्र दोन्हीकडे एकच होती.

आता ज्या जुन्या मोटारी आपल्या मुलखात जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात त्या कोणत्या, हे एकदा पाहिले म्हणजे विषयाला जमीन मिळेल. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे 1928 मध्ये मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि 1954 पर्यंत तो चालविला. सोलापूरच्या भूमीतून वर आलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना करून कुर्ल्यात प्रथम क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डीसोटो या गाड्या आणि मग फिएट गाड्या जोडण्यास सुरुवात केली. 1964 ची फिएट अकराशे डिलाइट पुढे 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी गेली. महिंद्रांनी मुंबईत माझगावला 1947 पासून जोडलेली जीप तर सांगली-सातारा भागातील साखर कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांपासून निवडणुकीच्या उमेदवारांपर्यंत सर्वांचे वाहन झाली. या यादीतील अमेरिकन गाड्यांपैकी फार थोड्यांना पॉवर स्टिअरिंग होते. पद्मिनी, जीप आणि अँबॅसडर ज्या रूपात पहिली कित्येक दशके विकल्या गेल्या, त्या रूपात त्यांना ते नव्हतेच. या गाड्यांचा धनी आज साठीच्या पुढे गेलेला असतो, कराड-तासगाव रस्त्यावर सणासुदीला तो गाडी काढतो, बाजारात वळवून लावताना त्याचे खांदे भरून येतात, आणि मग कोणीतरी त्याला सांगतो की, ‘पॉवर स्टिअरिंग बसवून टाका.’ हा सल्ला मानावा की न मानावा, याचा निर्णय करण्यापूर्वी स्टिअरिंग जड का असते हेच समजून घेतले पाहिजे.

चालत्या गाडीचे चाक फिरत फिरत वळते, म्हणून त्याचा रस्त्याशी टेकलेला भाग क्षणोक्षणी बदलत असतो आणि वळविण्यास फारसा जोर पडत नाही. उभ्या गाडीचे चाक मात्र टेकलेल्या जागीच घासत, रबराला पीळ देत वळवावे लागते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढाच असला, तरी त्याच्यावर गाडीच्या वजनाचा चौथा हिस्सा उभा असतो. अभियंते या घासण्याचा अंदाज ज्या ढोबळ सूत्राने करतात, त्यात एक मोठी उद्बोधक गोष्ट दडलेली आहे: पुढील चाकांवरचा भार दुप्पट झाला की वळविण्याचा जोर दुप्पट होऊन थांबत नाही, तो जवळजवळ पावणेतीनपट होतो, कारण भार वाढला की घर्षण वाढतेच, शिवाय टेकलेला भागही पसरतो आणि पसरलेल्या भागाच्या कडा वळणाच्या केंद्रापासून अधिक दूर जातात. सुमारे 900 किलोंची पद्मिनी एकट्या माणसाला वळविता येते, परंतु तिच्या दुप्पट वजनाची अमेरिकन इंपाला त्याच माणसाला घाम आणते, याचे कारण हे आहे. याच सूत्राची दुसरी बाजू अशी की, टायरमधील हवा कमी झाली की जडपणा वाढतो. जेथे 24 पाउंड हवा पाहिजे तेथे 16 पाउंडच असेल, तर स्टिअरिंग सुमारे एक पंचमांशाने जड होते, आणि ज्या गाड्या महिनोन् महिने शेडमध्ये उभ्या राहतात त्यांच्या टायरांत 16 पाउंड हवा सापडणे हे नवलाचे मुळीच नाही.

त्यात आणखी भर पडते ती चाकाच्या बैठकीच्या कोनांची. ज्या किंगपिनभोवती चाक वळते तो मुद्दाम मागे कललेला ठेवतात, म्हणजे वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटत नाही. परंतु हाच कल जास्त ठेवला तर वळविताना चालकाला त्या परतण्याच्या प्रवृत्तीशी झगडावे लागते. जुन्या गाडीच्या रचनाकाराने गाडीचे वजन, टायरची रुंदी, कोन आणि स्टिअरिंगचा व्यास यांचा हिशेब एकत्र जुळवूनच तिचे स्टिअरिंग बांधलेले असते. त्याच्या हाती हुकमी उपाय दोनच होते: स्टिअरिंगचे चक्र मोठे करणे आणि दात्यांचे प्रमाण वाढविणे. अँबॅसडरमध्ये दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे दातचक्र होते, पद्मिनीत मळसूत्राच्या तत्त्वावर चालणारी पेटी होती, आणि जुन्या जीपमध्ये कॅम व तरफ यांची रॉस जातीची पेटी असे. प्रमाण वाढविले की हात हलका होतो, पण त्याची किंमत वेढ्यांत मोजावी लागते; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच पूर्ण वेढे मारीपर्यंत वळण हातातून निसटण्याची वेळ येते. ज्यांनी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एस. टी.च्या पहिल्या काही दशकांतील बसगाड्या पाहिल्या असतील, त्यांना तबकाएवढे आडवे स्टिअरिंग आणि स्टँडात गाडी फिरविताना आसनावरून अर्धवट उठून त्यावर सारे अंग टाकणारा चालक आठवत असेल. त्या माणसांच्या खांद्यांवर महाराष्ट्राची दळणवळणाची व्यवस्था उभी राहिली, हे अक्षरशः खरे आहे.

स्टिअरिंगला यंत्राचे बळ देण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्येच द्रवाच्या जोरावर चालणाऱ्या साहाय्याचे पेटंट घेतले होते. परंतु ती चालू शकेल अशा रूपात आणली ती डेव्हिस यांनी. ते पिअर्स-अॅरो या कंपनीच्या ट्रक विभागात अभियंते होते, जड ट्रकांची स्टिअरिंगे चालकांचे काय हाल करतात हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, आणि नोकरी सोडून त्यांनी वॉल्थमला एक लहानसे वर्कशॉप भाड्याने घेऊन जॉर्ज जेसप या कुशल यंत्रकारागिराच्या साहाय्याने प्रयोग आरंभिले. त्या काळच्या द्रवयंत्रांत तेल दाबाखाली कोंडून ठेवीत आणि झडप उघडली की ते काम करी. यात दाब सदैव चढलेला राही, म्हणून प्रत्येक सांध्यातून तेल गळे. डेव्हिस यांनी ही रीतच उलटी केली. झडप नेहमी उघडी ठेवावी, तेलाने पंपातून निघून झडपेतून मोकळेपणी टाकीत परत यावे, त्याला दाब असा जवळजवळ नसावाच. आणि चालकाने स्टिअरिंगला हात घातला की त्याच्याच हाताच्या जोराने झडपेची एक वाट आखडावी, तेवढ्यापुरताच दाब चढावा आणि तो चाकांच्या मदतीला धावावा. या एका विपर्ययाने सारे जमून आले. मला वाटते, यंत्रविद्येतील जे खरे शोध असतात त्यांचे स्वरूप पुष्कळदा असेच असते. नवा भाग फारसा लागत नाही, जुन्या भागांना कामाचा नवा क्रम लागतो.

येथे पलूसकरांच्या परिचयाचा पंप आणि स्टिअरिंगचा पंप यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यातच मौज आहे. किर्लोस्करवाडीचा सेंट्रिफ्यूगल पंप पाण्याला भोवंडून बाहेर फेकतो. त्याची तोटी बंद करून तो चालू केला तरी तत्काळ काही बिघडत नाही, इम्पेलर आतल्या आत पाणी घुसळीत राहतो, किंबहुना मोटरीवर भार कमी पडावा म्हणून तोटी बंद ठेवून सुरू करावा असेच जाणकार सांगतात. शिवाय त्याचा दाब बेताचा असतो. पाणी 10 मीटर चढविण्यास प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोचा दाब लागतो, म्हणजे 30 मीटर उंच माळावर पाणी नेणाऱ्या पंपाला पाइपातील घर्षण सोडले तर 3 किलोंचा दाब पुरतो. मोटारीच्या स्टिअरिंगला मात्र ऐन निकडीच्या वेळी 70 किलो किंवा त्याहूनही अधिक दाब हवा असतो. तो पाण्याच्या हिशेबात मांडावयाचा तर 700 मीटर उंची होईल. ताकारीच्या उपसा योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने सागरेश्वराच्या बाजूला चढविताना केवढाले पंप लागतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला एका मुठीएवढ्या पंपाकडून मागितलेला हा दाब केवढा आहे याची कल्पना येईल. तो साधतो याचे कारण, येथे प्रवाह अगदी थोडा लागतो आणि पंप निराळ्या तत्त्वावर चालतो. लांबट पोकळीत एक चक्र फिरते, त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पातळ पात्या असतात, त्या पोकळीच्या भिंतीला घासत जातात आणि दोन पात्यांमधील तेल एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला अक्षरशः ढकलतात. असा पंप तोटी बंद केलेली मुळीच सहन करीत नाही. तेलाला वाट मिळाली नाही तर दाब चढत चढत नळी फुटेपर्यंत जाईल. म्हणून त्याच्या पोटात दाबमुक्तीची झडप बसविलेली असते, आणि ठरावीक दाब गाठला की ती उघडून तेल मागे सोडते. स्टिअरिंग शेवटच्या टोकापर्यंत वळवून तसेच धरून ठेवले असता जो कण्हल्यासारखा आवाज येतो, तो या झडपेचा असतो. तो ऐकू आला की स्टिअरिंग किंचित मागे सोडावे, कारण त्या अवस्थेत तेल झपाट्याने तापते.

दाब तयार झाला. आता तो कामाला कसा लागतो तेही पाहू. पुढे रूढ झालेल्या रचनेत स्टिअरिंगचा दांडा आणि पेटीतील दातचक्र यांच्यामध्ये बोटाएवढ्या जाडीची पोलादी दांडी असते, जी पीळ बसण्यासाठीच तेथे ठेवलेली असते. चालकाने चक्र उजवीकडे फिरविले आणि चाकांनी विरोध केला, की ही दांडी अगदी थोडी पिळते. त्या पिळाने झडपेच्या बाहेरील नळी आणि आतील गाभा यांच्या खाचा एकमेकींवरून सरकतात, तेलाच्या परतीची वाट आखडते, आणि दाबाचे तेल दट्ट्याच्या एका अंगाला शिरते. समजा दट्ट्याच्या नळकांड्याचा व्यास 4 सेंटिमीटर आहे. दांड्याने व्यापलेली जागा वजा केली तरी सुमारे 10 चौरस सेंटिमीटर क्षेत्र उरते, आणि 70 किलोंच्या दाबाने त्यावर 700 किलोंचा रेटा निर्माण होतो. चाके वळली, पीळ उतरला, की झडप मध्यावर येते आणि साहाय्य आपोआप थांबते. गाडीवानाने कासऱ्याला हलका हिसका द्यावा आणि ओढ मात्र बैलांनी काढावी, तसा हा व्यवहार आहे. हुकूम हाताचा, श्रम तेलाचे. आणि इंजिन बंद पडले किंवा पट्टा तुटला, तरी ती पोलादी दांडी आणि दातचक्र यांच्याद्वारे चालकाचा हात चाकांशी जोडलेलाच राहतो. स्टिअरिंग जड होते, परंतु हातचे जात नाही. ज्यांना पॉवर स्टिअरिंगची भीती वाटते त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

डेव्हिस यांचे पुढचे चरित्र थोडे करुण आहे. जनरल मोटर्सने त्यांच्याशी करार केला, परंतु मंदीच्या दिवसांत खर्च परवडत नाही म्हणून 1934 च्या सुमारास योजना गुंडाळली. युद्धकाळात चिलखती गाड्यांना हे साहाय्य लागले तेव्हा त्याची उपयुक्तता सिद्ध झाली, आणि तरीही सर्वसामान्य मोटारीत ते प्रथम आणले ते प्रतिस्पर्धी क्रायस्लरने, 1951 च्या इंपीरियल गाडीत, तेही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेऊन. दुसऱ्याच वर्षी जनरल मोटर्सची कॅडिलॅक मैदानात आली. पंचवीस वर्षे उंबरठ्यावर बसलेली कल्पना मग थोड्याच वर्षांत अमेरिकेत सर्रास झाली.

या पहिल्या गाड्यांत एक वैगुण्य होते आणि ते जाणत्या चालकांना फार खुपे: स्टिअरिंग इतके हलके झाले की रस्त्याची जाणीवच हाताला पोचेनाशी झाली. खडीवर चाक घसरते आहे की डांबरावर पकड घेते आहे, हे जुन्या जड स्टिअरिंगमधून बोटांना कळत असे. एका बोटाने फिरणाऱ्या चक्रातून ते कळेना. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने 1955 च्या डी. एस. गाडीत सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग या सर्वांना एकाच उच्च दाबाच्या तेलाने चालविण्याचा धाडसी मार्ग धरला, आणि 1970 च्या एस. एम. गाडीत तर वेग वाढेल तसे स्टिअरिंग आपोआप घट्ट होत जाईल अशी योजना केली. माझ्या मते मोटारीच्या इतिहासातील अत्यंत बुद्धिमान रचनांपैकी ती एक आहे, कारण साहाय्य किती द्यावे यापेक्षा ते केव्हा आवरावे, हा प्रश्न तिने नीट सोडविला.

आपल्याकडे या विद्येचे कारखाने पुष्कळ उशिरा आले. 1981 मध्ये स्थापन झालेल्या झेड. एफ. स्टिअरिंग गिअर या कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे जर्मन सहकार्याने उभा राहिला आणि ट्रक-बसगाड्यांना देशी पॉवर स्टिअरिंग मिळू लागले. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आता कुंडलच्या साखर कारखान्याच्या फाटकात सहज वळताना दिसतात, त्यांतील नव्या ट्रॅक्टरांतही तेलाच्या जोराचेच साहाय्य आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: जुन्या मोटारीला हे साहाय्य नव्याने बसवावे काय? पलूसमधील एका गॅरेजात एक जुनी पद्मिनी मी पाहिली. तिच्या मालकांनी पॉवर स्टिअरिंग बसविण्याचा बेत पक्का करून गाडी आणली होती. मिस्त्री वयस्क होते. ते म्हणाले, ‘मालक, आधी पुढची दोन्ही चाकं उचलू, मग काय ते बोलू.’ जॅक लावून पुढील चाके अधांतरी केली आणि मालकांना स्टिअरिंग फिरवावयास सांगितले. चाके जमिनीवर नसताना ते बोटाने फिरावयास पाहिजे. ते तर तेथेही अडखळत होते, मध्येच एका जागी घट्ट होत होते. याचा अर्थ दोष टायर आणि रस्ता यांच्यामधला नव्हताच. ग्रीस निपलांची तोंडे वाळलेल्या मातीने बुजलेली, किंगपिनमध्ये ग्रीसऐवजी गंजाची भुकटी, आणि पेटीतील तेल कधीचे आटून तळाशी काळ्या मेणासारखे जमलेले. मिस्त्रींनी टाय-रॉडचा एक सांधा सुटा करून दोन बोटांनी हलविला तेव्हा तो कुरकुरला. त्याच्या जागी नवीन सांधा लावल्यावर तो मुकाट्याने फिरला. ग्रीस, पेटीचे तेल, टायरांत योग्य हवा आणि चाकांचे अलाइनमेंट एवढे झाल्यावर मालकांनी गाडी रस्त्यावर वळवून पाहिली आणि पॉवर स्टिअरिंगचा विषय पुन्हा काढला नाही.

ही चाके उचलून पाहण्याची परीक्षा मी प्रत्येक जुन्या मोटारीच्या धन्याला आग्रहाने सुचवीन. जो जडपणा दोषामुळे आलेला आहे त्याच्यावर साहाय्य चढविणे म्हणजे दुखणे झाकणे होय, आणि गंजलेल्या सांध्याला शेकडो किलोंचा रेटा मिळू लागला की तो सांधा तुटण्याची धास्ती वाढते. त्याचप्रमाणे हौसेने बसविलेले रुंद टायर हेही जडपणाचे सर्रास कारण आहे. मूळ अरुंद मापाचे टायर परत बसविले की अर्धे गाऱ्हाणे मिटते.

इतके करूनही ज्यांच्या खांद्याला, मनगटाला खरोखरच भार सोसवत नाही, त्यांनी साहाय्य घ्यावे. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. गाडी शेडमध्ये धूळ खात राहण्यापेक्षा चालती राहिलेली बरी. मात्र कोणते साहाय्य, याचा विचार हवा. तेलाची संपूर्ण योजना बसवावयाची तर इंजिनापुढे पंपासाठी आधार, ज्यादा पुली, टाकी, उच्च दाबाच्या होजपाइपा आणि निराळी पेटी हे सर्व लागते; पद्मिनीच्या चेसिसमध्ये त्यासाठी कापाकापी आणि वेल्डिंग करावे लागते, जे पुन्हा पूर्ववत होत नाही. ज्या मोठ्या अमेरिकन गाड्यांना त्यांच्याच कंपनीने ज्यादा किमतीत पॉवर स्टिअरिंग देऊ केले होते, त्यांना त्याच सालचे अस्सल भाग मिळाले तर ते बसविणे शोभून दिसते. इतर गाड्यांसाठी विजेचे साहाय्य बरे. 1988 मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीने सेर्वो या चिमुकल्या गाडीत ते प्रथम आणले. त्यात स्टिअरिंगच्या दांड्यालाच मोटर जोडलेली असते, तेल नाही, पंप नाही, आणि सरळ जाताना इंजिनाची शक्तीही खर्च होत नाही. आधुनिक लहान गाडीतील असा दांडा डॅशबोर्डखाली बसविता येतो आणि मूळ पेटी जागच्या जागी राहते.

परंतु येथेही एक अडचण आहे, तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरविताना ही मोटर क्षणभर 40 ते 50 अँपिअर वीज ओढू शकते, आणि जुन्या गाडीचा डायनॅमो जेमतेम 20-22 अँपिअर देतो, तोही इंजिन संथ चालू असताना जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे ज्या वेळी साहाय्याची निकड सर्वांत जास्त, त्याच वेळी विजेचा तुटवडा. तेव्हा प्रथम अल्टरनेटर, जाड तारा आणि स्वतंत्र फ्यूज, आणि मग मोटर, हा क्रम चुकवू नये. ज्या फार जुन्या गाड्यांत 6 व्होल्टची व्यवस्था आहे त्यांत हा उद्योग करूच नये. आणखी एक गोष्ट: साहाय्य इतकेच ठेवावे की वळणानंतर चक्र स्वतःहून मागे येईल. ते आपोआप सरळ होईनासे झाले, तर हमरस्त्यावर गाडी सावरणे कठीण पडते.

कायद्याचीही एक बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनात असा फेरफार करण्यास मनाई करते, की ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. म्हणून काम काढण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून मंजुरीचा कागद दप्तरी ठेवणे शहाणपणाचे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद जाहीर केली. तिची पहिली फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरे. या नोंदणीची मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्यात भरीव फेरबदल झालेला नसावा. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी मालकांकडे उरलेल्या जुन्या पद्मिनी एकेक करून पन्नाशी गाठत आहेत, म्हणून त्यांच्या धन्यांना हा नियम लागू पडू लागला आहे. आज केलेली एक कापणी उद्याची नोंदणी अडवू शकते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना माझी विनंती इतकीच की, मूळ स्टिअरिंगचा कोणताही भाग काढावा लागला तर तो भंगारात घालू नका. पेटी, दांडा आणि मूळ चक्र तेल लावून, मेणकापडात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून घरात कोरड्या जागी ठेवा, गॅरेजची बिले आणि आर. टी. ओ.चा कागद नोंदणीपत्रासोबत जपा, आणि गाडी कोणाला विकलीत तर हे सारे सामान तिच्याबरोबर द्या.